नळाला पाणी येईपर्यंत

माझी आई सोयगावात सगळ्यांना सांगते, "पोरगी संभाजीनगरला लोकांना प्रश्न विचारायच्या नोकरीवर हाय." त्यावर शेजारच्या बायका म्हणतात, "व्हय का? मग त्याला बी.ए. कशाला लागतंय? आम्ही तर ओट्यावर बसून रोज तेच करतो."

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पदवीचं प्रमाणपत्र आईनं आधी देवापुढं ठेवून त्याला कुंकू लावलं होतं. अजूनही विद्यापीठाच्या शिक्क्याशेजारी आईच्या बोटाचा लाल ठसा आहे. त्यामुळं हा टोमणा मला पूर्वी लागायचा. आता लागत नाही, कारण त्या बायकांचं बरोबर आहे. ओट्यावर चालतं तेच मी करते, फक्त फॉर्मवर लिहून घेते. फरक एवढाच की ओट्यावर माणसं खरं बोलतात आणि फॉर्म पुढं केला की गोड बोलायला लागतात. माझी सतरा वर्षं या फरकाशी भांडण्यात गेली.

काम सांगते. एखाद्या कंपनीला नवा साबण, नवं तेल, नवा चिवडा बाजारात आणायचा असतो. त्याआधी तो लोकांना कसा वाटतो हे त्यांना कळायला हवं असतं. मग आमच्यासारखी माणसं दारोदार जातात, वस्तू देतात आणि एक ते दहामध्ये गुण मागतात. ऐकायला सोपं आहे. पण एकदा टायरच्या सर्वेक्षणात एका आजोबांनी मला दहापैकी दहा दिले. मी विचारलं, "आजोबा, गाडी कोणती तुमची?" तर म्हणाले, "गाडी नाय. पण टायर आपल्या वाळूजमध्ये बनतोय ना? मग चांगलाच असणार." दुसऱ्या एका घरी केसांच्या तेलाबद्दल नवऱ्याचं मत हवं होतं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बायकोनं दिलं. शेवटी मी म्हटलं, "दादा, तुम्ही स्वतः एक तरी सांगा." त्यांनी टोपी काढून दाखवली. डोक्यावर केस नव्हते.

हे काम मला सिद्दीकी सरांनी शिकवलं. क्रांती चौकाजवळ एका दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या आहेत, सर तिथले प्रमुख. मुलाखतीला गेले तेव्हा मला इंग्रजी बोलता येत नव्हतं. सर म्हणाले, "इंग्रजी नाही आली तरी चालेल बेटा. गप्प बसता येतं का?" मी गप्प बसले. नोकरी मिळाली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सरांचे नियम थोडे आहेत. समोरचा बोलत असताना मान हलवायची नाही. हसायचं नाही. 'आवडलं का' असं कधी विचारायचं नाही, कारण आपल्याकडं त्याचं उत्तर 'हो' हेच असतं. "तारीफ मत पूछो," सर म्हणतात, "वापरणं कुठं बंद केलं असतं ते विचारा." आणि सगळ्यात मोठा नियम, खाणंपिणं द्यायचं असेल तर मत लिहून झाल्यावर, आधी नाही. हा नियम मी स्वतः कितीतरी नव्या मुलींना शिकवला आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी काय केलं ते वाचून तुम्ही हसणार आहात.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं एक वेगळंच काम आलं. 'सागवान' नावाचा आपल्या शहरातला चौघांचा बँड आहे. ते ॲकॉस्टिक रॉक वाजवतात. म्हणजे रॉकच, पण गिटारला वायर नाही. लाकूड, तारा आणि चामडं यांतून जो आवाज निघेल तो. त्यांचा पहिला अल्बम कॉलेजच्या पोरांमध्ये खूप चालला होता. छोटी छोटी गाणी, कँटीनची, प्रेमाची, नापास होण्याची. माझी भाचीसुद्धा भांडी घासताना म्हणायची.

आता त्यांनी दुसरा अल्बम केला होता, 'शुक्रवारचं पाणी'. हे नाव आपल्या शहरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. प्रत्येक गल्लीचा दिवस ठरलेला असतो आणि तो दिवसही कधीकधी पुढं सरकतो. अल्बममधल्या गल्लीचा दिवस शुक्रवार. शनिवार ते शुक्रवार अशी सात गाणी, मध्ये कुठंही न थांबता एकातून दुसऱ्यात जाणारी. हलगी, घागरी, प्लॅस्टिकचे ड्रम आणि गल्लीतल्या तीस बायकांचा आवाज. शेवटचं शुक्रवारचं गाणं अकरा मिनिटांचं, आणि त्यात पाणी येतं ते शेवटच्या दीड मिनिटात.

मुंबईच्या संगीत कंपनीच्या साहेबांना धडकी भरली होती. ते म्हणत होते, यातली तीन गाणी तीन-तीन मिनिटांची कापून काढू, बाकीचं राहू द्या. बँडची गायिका रेणू म्हणत होती, सगळं एकत्र जाईल, नाहीतर नको. सगळी गाणी तिनंच लिहिली होती. त्यासाठी वाळूजच्या एका कारखान्यातली तपासनिसाची चांगली नोकरी तिनं सोडली होती. शेवटी दोघांचं ठरलं की त्रयस्थाकडून श्रोत्यांची मतं घ्यायची. अहवालात लोक कंटाळले असं आलं, तर अल्बमची तीन गाणी होणार.

रेणू पेनड्राइव्ह घेऊन आली तेव्हा म्हणाली, "ताई, खोटं चांगलं लिहू नका."

"नाही लिहिणार."

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. "पण खरं चांगलं निघालं, तर लिहायला विसरू नका."

मी तो अल्बम ऑफिसात एकटीनं ऐकला. रॉक मला काही कळत नाही. सोयगावात आमच्याकडं रेडिओ आणि भजनी मंडळ, एवढंच संगीत. पण बुधवारच्या गाण्यात रिकाम्या ड्रमाच्या तळाला प्लॅस्टिकचा मग खरवडल्याचा आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. शुक्रवारी पाणी आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. सर दारात होते.

"आवडलं ना तुला?"

"नाही सर. म्हणजे, माझं मत महत्त्वाचं नाही."

"चेहऱ्यावर लिहिलंय. हा चेहरा घरी ठेवून ये आणि काम कर. हे सगळं काम तुझं. मी बघणार नाही."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा सगळं माझ्या हातात होतं. मी एक छोटा हॉल घेतला. चाळीस माणसं निवडली, वेगवेगळ्या वयांची आणि कामांची. एरवी मी लोकांच्या दारात जाते. त्या दिवशी लोक माझ्या दारात आले. मे महिन्यातली दुपार. एक निवृत्त शिक्षिका घाम पुसत जिना चढून आल्या आणि मला माझ्या आईचं वाक्य आठवलं, की दारात आलेल्याला आधी पाणी, मग काम. पाण्याबरोबर चहा आला. चहाबरोबर पोहे आले, पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर आली. मी प्रत्येकाला आग्रह केला. "घ्या हो, थोडे अजून." मग गाणी लावली आणि फॉर्म वाटले.

संध्याकाळी फॉर्म उघडले. आठ. आठ. आठ. आठ. एका सद्गृहस्थांनी नऊ दिले होते. त्यांनी पोहे दोनदा घेतले होते.

मी नाचत सरांच्या टेबलाशी गेले. सरांनी चार फॉर्म बघितले आणि चष्मा काढला.

"खायला कधी दिलं?"

"आधी, सर."

"काय दिलं?"

"पोहे. चहा."

"शेव होती वर?"

"होती."

"बेटा," सर म्हणाले, "हे पोह्यांचे गुण आहेत. आठ म्हणजे सिफर, शून्य. जिचे पोहे खाल्ले, तिच्या गाण्याला मराठवाड्यात कोण वाईट म्हणेल? मत घेतलंस का पाहुणचार केलास?"

असे सरसकट आठ मुंबईच्या साहेबांनी एका नजरेत केराच्या टोपलीत टाकले असते. अहवालाला चार दिवस होते आणि हाताशी चाळीस माणसांचं सौजन्य होतं. त्यातून त्या शिक्षिकाबाई जिना उतरताना मला हळूच म्हणाल्या होत्या, "ते शेवटी पाणी आलं ना, तेव्हा मला रडू आलं बरं का." पण फॉर्म गोळा झाले होते, म्हणून मी ते लिहिलंच नाही. घरी आले आणि आईला फोन करून सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मग उपाशी पाठवायचं व्हतं का लोकांना?" आमच्या घरात यावर दुसरं मत निघणं शक्य नव्हतं.

उपाय सापडला तो गॅलरीत. आमच्या शेजारी बाबूभाई राहतात. ते वाळूजच्या कामगारांची शिफ्टची बस चालवतात. दुपारी क्रांती चौकातून दुसऱ्या शिफ्टची माणसं घ्यायची आणि कारखान्याच्या गेटवर सोडायची. त्यांच्या बसमध्ये रोज गाणी लागतात आणि न आवडलेलं गाणं लोक बाबूभाईंना एक मिनिट लावू देत नाहीत, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. मी विचारलं, "बाबूभाई, गेटपर्यंत किती वेळ लागतो?"

"चालीस मिनिट. रस्ता मेहरबान असला तर."

अल्बम त्रेचाळीस मिनिटांचा होता. मला हसूच फुटलं. बसच्या मालकांची परवानगी काढली आणि बाबूभाईंना बजावलं, गाणं कोणाचं आहे ते सांगायचं नाही, आणि कोणी बंद करा म्हटलं तर अडून बसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या सीटवर बसले, मांडीवर वही, पिशवीत फॉर्म. खायला काही नव्हतं. एक लिमलेटची गोळीसुद्धा नव्हती. बस भरली आणि बाबूभाईंनी शनिवार लावला.

शनिवारी काहीच झालं नाही. सगळे मोबाइलवर. मी वहीत लिहिलं, 'लक्ष नाही.' रविवारी दोघांनी माना वर केल्या. सोमवारी तिसऱ्या सीटवरून मोठा आवाज आला.

"बाबूभाई, हे काय मयतीचं लावलंय?"

हे गाडेकर मामा. पन्नाशीचे, प्रेस शॉपमधले जुने कामगार. सगळी बस त्यांना मामा म्हणायची आणि सगळ्या बसला त्यांची जीभ माहीत होती.

"सुनो तो मामा, नया है," बाबूभाई म्हणाले.

"नवं हाय म्हणून ऐकायचं का? नवी तर आमची व्याहीण बी हाय."

बस हसली. मी हसले नाही, नियम. मात्र वहीवरचं अक्षर हललं. मामा बंद करायला सांगणार म्हणून माझा जीव मुठीत. पण ते नुसतेच बोलत राहिले. पोरगी गाते का रडते, ही गिटार का मच्छरदाणीची दोरी, एक ना दोन. मंगळवार त्यांच्या बोलण्याखालीच संपला.

मग बुधवार आला आणि तो खरवडल्याचा आवाज.

"थांबा थांबा," मामाच ओरडले. "आरं, हा मग हाय! ड्रमाच्या तळाला लागलाय!"

बसमधल्या एकूण एक माणसानं मान वर केली. या आवाजाचे आपल्या शहरात सगळेच जाणकार.

"बुधवारीच तळ लागला?" एक जण म्हणाला. "घरात माणसं किती यांच्या?"

"पाहुणे आले असतील."

"पाहुणे कशाला येत्यात? दिवस विचारून यावं ना माणसानं."

"बायकोनं चादरी धुतल्या असतील सोमवारी. आमच्याकडं हेच होतंय."

"म्हणून तर सोमवारचं गाणं रडकं व्हतं!" मामा म्हणाले, आणि सगळी बस टाळ्या पिटत हसली. मी खिडकीकडं तोंड करून हसले. सरांनी बघितलं नाही म्हणजे झालं.

गुरुवारी मोबाइल खिशात गेले होते. मी दर दोन मिनिटांनी मोजत होते. शेवटी एकच उरला, तो बिचारा घरी फोन करून विचारत होता, "आपला दिवस उद्या का परवा?"

छावणीजवळ वाहतूक अडकली. पुढं रस्ता मोकळा झाला आणि शुक्रवार सुरू झाला. नळ उघडल्याचा आवाज, आणि मग फुस्स.

"आलं!"

"काय नाय आलं. हवा हाय ती," मामा म्हणाले. "आमच्याकडं तासतास हवाच येती."

"मामा, हवेमागून पाणी येतंच."

"तुमच्याकडं येत असंल. आमची लाइन शेवटची."

गाणं चाललं होतं. हलगी हळूहळू चढत होती. बायका एकमेकींना हाका मारत होत्या, घागरी ठेवल्या जात होत्या, गिटार एकाच सुरावर अडून बसली होती. आणि बस गेटसमोर येऊन थांबली. शिफ्टला दोन मिनिटं उरली होती. बस त्या दिवशी सुटलीच उशिरा, त्यात तो जाम, त्यामुळं रोजचा टपरीवरच्या चहाचा वेळ केव्हाच गेला होता. गेटवरच्या वॉचमननं शिट्टी मारली.

पुढचे दहा-बारा जण उतरले. बाकीचे उठले आणि उभेच राहिले. एक जण पायरीवर होता, एक पाय बसमध्ये, दुसरा हवेत.

"मामा, गेट आ गया," बाबूभाई म्हणाले.

"दिसतंय मला," मामा जागचे हलले नाहीत. "पाणी येऊ द्या."

दुसरी शिट्टी. वॉचमन हात हलवत पुढं आला. "अहो, चला! पंचिंग बंद होईल!"

"ए, गप्प बस जरा!" पायरीवरचा ओरडला. "हवा चाललीय!"

आणि पाणी आलं. चारही वाद्यं एकदम, तीस बायका एकदम, घागरीत पडणारी ती पहिली जाड धार. बसमध्ये कोणीतरी शिट्टी मारली. मागचा एक जण सवयीनं उठून ओरडला, "मोटर लाव, मोटर!" सगळे हसत, एकमेकांना ढकलत, शाळा सुटल्यासारखे गेटकडं पळत सुटले. वॉचमन शिव्या देता देता विचारत होता, "झालं काय? आरं, झालं तरी काय?"

मामा सगळ्यात शेवटी उतरले. ते पळाले नाहीत. मी फॉर्म घेऊन त्यांच्या बरोबरीनं चालत सांगितलं की असं असं सर्वेक्षण आहे, एक ते दहामध्ये किती गुण द्याल.

"चार."

"चार?" माझ्या तोंडून गेलं. हाही नियम मोडला.

"लई लांबड लावलंय."

"कुठं बंद करावंसं वाटलं?"

"सोमवारीच."

"मग सांगितलं का नाही बाबूभाईंना?"

मामा थांबले. लहान मुलीकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं. "अन् पाणी आलं का नाय ते कसं कळणार, ताई?"

ते आत गेले. वॉचमन मला म्हणाला, "मामांना लेट मार्क. पहिल्यांदाच बघितला." मी तिथंच फॉर्म भिंतीला टेकवून लिहिलं. गुण, ४. शेवटी शेऱ्याचा एक अरुंद रकाना असतो. तिथं लिहिलं, 'उतरले नाहीत. लेट मार्क घेतला.'

शेऱ्याचा हा रकाना कोणी वाचत नाही. बेरीज गुणांची होते. पंधरा वर्षांत किती माणसांनी मला जिन्यावर, दारात, निरोप घेताना खरी गोष्ट सांगितली आणि मी ती लिहिली नाही, कारण फॉर्म भरून झाला होता, याची त्या दिवशी मला मनापासून लाज वाटली. मी त्या शिक्षिकाबाईंना फोन केला, परवानगी घेतली आणि त्यांचं रडूसुद्धा शेऱ्यात घातलं. पुढचे दोन दिवस वेगवेगळ्या बसमधून गेले. गुण तीनपासून दहापर्यंत आले. एका बसमध्ये तर गुरुवारच्या गाण्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. सरांनी फॉर्म चाळले आणि टेबलावर हात मारला, "ये हुई ना बात! भांडण झालं म्हणजे ऐकलं."

अहवालाच्या दिवशी मुंबईचे साहेब आले. पोह्यांच्या आठांची कबुली मी आधीच दिली. मग त्यांनी बसचे गुण बघितले. "अहो, हे तर हॉलपेक्षा कमी आहेत," ते म्हणाले. रेणूनं मामांचा फॉर्म उचलला होता. तिला 'चार' दिसले आणि तिचा चेहरा पडला. सर मला म्हणाले, "शेरा वाच. मोठ्यानं."

मी वाचला. मग दुसरा वाचला, तिसरा वाचला. 'एक पाय पायरीवर ठेवून ऐकलं.' 'मोटर लाव म्हणाले.' साहेबांनी विचारलं, "म्हणजे ही माणसं कामाला उशीर करून थांबली? या गाण्यासाठी?" मी म्हटलं, "गाण्यासाठी का पाण्यासाठी ते मला सांगता येणार नाही, साहेब. उतरली नाहीत, एवढं मी बघितलं." रेणू आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. तिनं आणखी चारदा तो शेरा वाचला आणि फॉर्मची झेरॉक्स मागितली. साहेबांनी शेऱ्यांचे फॉर्म स्वतः पुन्हा चाळले. मग म्हणाले, "तीन मिनिटांत पाणी आणता येणार नाही म्हणता? ठीक आहे. जाऊ द्या सगळं."

अल्बम अख्खा निघाला. पहिल्याइतका तो गाजला नाही, हेही खरं सांगायला हवं. पण प्रकाशनाचा कार्यक्रम शुक्रवारी झाला आणि बाबूभाई अख्खी बस घेऊन आले. गाडेकर मामा इस्त्रीचा शर्ट घालून, मामींना घेऊन पहिल्या रांगेत बसले. रेणूनं सोमवारचं गाणं सुरू करताना म्हटलं, "हे मयतीचं गाणं मामांसाठी," तेव्हा मामी त्यांच्याकडं अशा बघत होत्या की मला हसू आवरेना.

कार्यक्रम संपला, पाणी आलं, टाळ्या झाल्या. चहाचा कप मी स्वतः मामांच्या हातात दिला आणि विचारलं, "मामा, आता किती?"

मामांनी एक घोट घेतला, छताकडं बघितलं. "साडेचार."

मी टाळी वाजवली. अर्धा गुण! माझ्या सगळ्या नोकरीत एवढा मोठा अर्धा गुण मला कोणी दिला नव्हता. मी सरांना हाक मारायला वळले, तोच मामांनी कप वर केला.

"उड्या मारू नका, ताई. अर्धा ह्याचा हाय."